म्होरकीचा खर्ज

रोज सकाळी सहा चाळीसला हत्ती धावत येत. कान पसरलेले, शेपट्या उचललेल्या, पिल्लं आयांच्या पोटाखाली. बारा जणांचा कळप वाळक्या माळावरून धूळ उडवत पाणवठ्याशी पोचायचा आणि लॉजच्या लाकडी सज्जात कॉफीचे पेले घेऊन उभे राहिलेले पाहुणे टाळ्या वाजवायचे. टांझानियातल्या लोसिमा अभयारण्यात हत्ती हमखास दिसतात अशी जगभर ख्याती झाली होती, ती या धावण्यामुळेच.

रेवती घाडगे वडिलांना घेऊन तिथे आली होती. शिवराम घाडगे, वय चौऱ्याहत्तर. चंदगड-आजऱ्याच्या जंगलात त्यांनी एकतीस वर्षं वनरक्षकाची नोकरी केली होती आणि त्यातली निम्मी कर्नाटकातून उतरलेल्या हत्तींना उसाच्या फडातून हुसकावण्यात गेली होती. आफ्रिकेचा हत्ती एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढी एकच हौस त्यांनी आयुष्यात बोलून दाखवली होती. रेवतीच्या मनात आणखीही एक गोष्ट होती. पुण्यातल्या तिच्या छोट्या कंपनीने बनवलेलं यंत्र याच अभयारण्यात पाच वर्षं चालू होतं. आपण काय केलंय, ते तिला आबांना दाखवायचं होतं.

तिसऱ्या दिवशी टाळ्या झाल्या, फोटो झाले, पाहुणे न्याहारीला आत गेले. आबा कठड्याला टेकून तसेच उभे राहिले.

"आबा, चला. सगळं गार होतंय."

"थांब जरा. ही जनावरं कुणाला तरी भेटायला आलीत."

"पाण्यावर आलीत आबा."

"पाण्यावर आलेला हत्ती आधी सोंड पाण्यात घालतो. हितं एकानं तरी घातली का, बघ."

रेवतीने बघितलं. कळप पाण्याकडे पाठ करून एका उंच खांबाभोवती गोळा झाला होता. सोंडा वर करून सगळे हवा हुंगत होते, इकडे वळत होते, तिकडे वळत होते. फाटक्या कानाची एक मोठी मादी पुढचा पाय किंचित उचलून निश्चल उभी होती. हत्ती जमिनीतून येणारा आवाज असा ऐकतात, हे रेवतीला ठाऊक होतं.

"आणि कानशिलं बघ तिची," आबा म्हणाले. "वाटीगत खोल गेलीत. बरगड्या लांबनं मोजता येतात. ही उपाशी हायत रेवा."

त्या खांबावर रेवतीचाच भोंगा होता.

हत्ती एकमेकांशी बोलतात ते पुष्कळसं माणसाच्या कानाला न ऐकू येणाऱ्या खर्जात. हा खर्ज हवेतून आणि जमिनीतून कित्येक किलोमीटर जातो. त्यात हाका असतात आणि प्रत्येक हाक कुणाची, कुणासाठी, हे कळपाला कळतं. रेवतीच्या चमूने माळावर दोनशे मायक्रोफोन पुरले, कोको नावाच्या म्होरक्या हत्तिणीचं बोलणं वर्षानुवर्षं साठवलं आणि त्यावर एक यंत्र शिकवून तयार केलं. ते यंत्र कोकोच्या आवाजात नवी वाक्यं बोलायचं, तिने स्वतः कधीही न काढलेली. ती वाक्यं कळपाला खरी वाटायची, कारण चरताना कळप दोन-दोन दिवस विखुरलेला असतो आणि नुसत्या आवाजावर एकत्र राहतो. म्होरकी दिसली नाही तरी तिची हाक आली की ती आहे.

हेतू चांगला होता. अभयारण्याच्या पूर्वेला मासाई लोकांची मक्याची शेतं होती. पूर्वी दरवर्षी तिथे माणसं मरत आणि हत्तीही मरत. रेवतीने शेतांच्या कडेने चौदा भोंगे लावले. कळप तिकडे वळला की लॉजच्या कार्यालयातून कळ दाबत, कोकोची 'मागे फिरा' ही हाक जायची आणि कळप मुकाट्याने फिरायचा. पाच वर्षांत कुणी मेलं नव्हतं. गावकऱ्यांचा भोंग्यांवर इतका विश्वास बसला होता की हत्ती आले की लोक पळून न जाता भोंग्याखाली जाऊन उभे राहत.

त्या दुपारी जीप चालवायला नासेरियान होती. ती पस्तिशीची वाटाडी त्याच पूर्वेकडच्या गावची. प्रत्येकाच्या कानात दुभाष्या यंत्राची गोळी होती, त्यामुळे ती मासाईत बोलली की आबांना मराठी ऐकू यायचं. पण आबांना ती जी हाक मारायची ती यंत्राविनाच कळायची, कारण तिच्या स्वाहिलीतही बापाला 'बाबा' म्हणतात.

वाटेत हत्तीची लीद दिसली तशी आबांनी जीप थांबवायला लावली. खाली उतरून त्यांनी काडीने लीद फोडली. आत वाळू होती आणि लाकडाच्या ढलप्या.

"माती खातायत," ते म्हणाले. "पाणी हाय, चारा न्हाई. चालत जाईल तेवढ्या टप्प्यातली साल-पाला सगळा संपलाय. मग ही जात का न्हाईत? हत्ती असा एका जागी बसून मरत न्हाई."

"दक्षिणेला साठ किलोमीटरवर नदीची दलदल आहे बाबा," नासेरियान म्हणाली. "तिथे कितीही दुष्काळ पडला तरी हिरवं असतं. मी लहान असल्यापासून बघते, पाऊस चुकला की कोको कळप घेऊन तिकडे जायची. या वर्षी कळप तीनदा निघाला. रात्रभर चालला आणि तीनदा परत आला."

"परत का?" रेवतीने विचारलं.

नासेरियानने आरशातून तिच्याकडे बघितलं. "कोको बोलावते ना रोज सकाळी. तुमची कोको."

"मग खरी कोको का नाही जात त्यांना घेऊन?"

नासेरियानने ब्रेक दाबला आणि मागे वळली. "तुम्हाला कुणी सांगितलं नाही? कोको दोन वर्षांपूर्वी मेली."

रेवतीला तो निरोप आठवला. लॉजच्या कार्यालयातून दोन वर्षांपूर्वी आला होता. रोज सकाळी सहा चाळीसला पाणवठ्याच्या तीन खांबांतून आळीपाळीने एक हाक सोडावी, मजकूर: मी इथे आहे, या. दोन बैठकांच्या मधल्या दहा मिनिटांत तिने ते काम उरकलं होतं. कशासाठी, असं विचारलं नव्हतं.

लॉजवर पोचताच रेवतीने व्यवस्थापकाचं दार गाठलं.

अभयारण्याचा व्यवस्थापक डेसमंड हा पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं धरलेला माणूस होता. त्याने काहीच नाकारलं नाही.

"कोको गेल्यावर कळप इथून हलायला लागला," तो म्हणाला. "कळप गेला तर पाहुणे जातात. पाहुणे गेले तर माझे साठ पहारेकरी जातात, आणि पहारेकरी गेले की सहा महिन्यांत शिकारी येतात. तुम्ही मला क्रूर समजताय, पण त्यांना जिवंत ठेवायचा मला सापडलेला हा एकच रस्ता आहे. नोव्हेंबरात पाऊस आला की हाक बंद करू."

"तोवर पिल्लं राहणार नाहीत."

"चारा मागवलाय."

"कधी येणार?"

मागवलेला चारा तीन देशांतून येणार होता आणि तिन्ही देशांत दुष्काळ होता.

रेवती खोलीत आली. यंत्राची किल्ली तिच्याकडे होती, कुणाची परवानगी लागणार नव्हती. तिने सकाळची हाक पुसून टाकली.

"थांबवलंस?" खाटेवर बसलेल्या आबांनी विचारलं.

"थांबवलं. उद्या हाक आली नाही की निघून जातील."

दुसऱ्या दिवशी सहा चाळीस झाले. हत्ती आले. खांबाशी थांबले. सहा पन्नास झाले, सात झाले. फाटक्या कानाच्या मादीने सोंड खांबावर ठेवली आणि हाक दिली. रेवतीच्या हातातल्या पडद्यावर त्या हाकेची रेघ उमटली. ती कुणासाठी आहे ते यंत्राने ओळखलं: कोको. मादी थांबली, उत्तराइतका वेळ जाऊ दिला आणि पुन्हा हाक दिली. मग सगळा कळप हाका मारू लागला. सज्जातल्या माणसांना काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त कॉफीच्या पेल्यांवर ठेवलेले चमचे बारीक किणकिणत होते.

दुपारपर्यंत त्यांनी खांब उपटला. मग खांबाखालची जमीन पायांनी उकरायला लागले.

ते गेले नाहीत. रोज बोलावणारी म्होरकी अचानक गप्प झाली होती, याचा त्यांच्या लेखी एकच अर्थ होता: ती इथेच कुठेतरी पडलीय. पडलेल्याला सोडून हत्ती जात नाहीत. आधी ते निदान चाऱ्यासाठी थोडे फिरायचे, आता तेही थांबलं. चौथ्या दिवशी सगळ्यात लहान पिल्लू खाली बसलं. आई आणि फाटक्या कानाची मादी, दोघींनी मिळून त्याला पायाने, सोंडेने उठवलं. ते पुन्हा बसलं. संध्याकाळी त्याच्यावर माश्या होत्या आणि आई अजून त्याला उठवत होती.

रेवतीने हे सगळं सज्जातून बघितलं. मग तिने दुर्बीण खाली ठेवली.

"परत चालू करा," डेसमंड मागून म्हणाला. या खेपेला त्याच्या आवाजात विनवणी होती. "निदान शांत तरी होतील."

"नको," आबा म्हणाले. ते नासेरियानकडे वळले. "पोरी, ती मेली तवा ह्यांनी तिला बघितली का?"

नासेरियानने मान हलवली. "नाही बाबा. ती लॉजच्या रस्त्यावर पडली, डिसेंबरात, सगळ्या खोल्या भरलेल्या असताना. त्याच दिवशी खोदायचं यंत्र आणून खड्डा घेतला. कळप पोचला तेव्हा वर फक्त माती होती, आणि वास लागू नये म्हणून त्या मातीवर डिझेल ओतलेलं."

"मग ह्यांच्या लेखी ती मेलीच न्हाई," आबा म्हणाले. मग रेवतीकडे न बघता ते हळूच म्हणाले, "तू हितं मायक्रोफोन पुरत हुतीस, तवा तुझी आई गेली. तुला यायला दोन दिस लागणार हुते. लोक म्हणाले थांबू नका, म्हणून मी थांबलो न्हाई. तू तोंड न्हाई बघितलंस तिचं."

"आबा, ते आत्ता कशाला?"

"त्यानंतर वरीसभर तू फोन केलास की आधी म्हणायचीस, आई कुठाय? मग गप व्हायचीस. मला ऐकू यायचं. चूक झाली माझी. दोन दिस बरफावर ठेवायला पायजे हुती तिला." त्यांनी नाक शिंकरलं आणि पाणवठ्याकडे बोट केलं. "ह्यांना दाखवा. जे काय उरलं असंल ते दाखवा."

डेसमंडने विरोध केला नाही. खोदायचं यंत्र त्याने स्वतः मागवलं आणि कोको कुठे पुरली ते स्वतः दाखवलं. दोन वर्षांत हाडं स्वच्छ झाली होती. कवटी वर काढायला आठ माणसं लागली. ती आणि खालचा जबडा ट्रॉलीत घालून त्यांनी भल्या सकाळी पाणवठ्यापासून दोनशे पावलांवर माळावर ठेवला आणि जीप मागे घेतली.

फाटक्या कानाच्या मादीला आधी वास लागला. ती चालत आली. बाकीचे तिच्या मागे, पिल्लू मेलेली आई सगळ्यात मागे. कवटीपाशी येऊन ते गोल करून उभे राहिले. हत्ती भेटले की एकमेकांच्या तोंडात सोंडेचं टोक घालतात, ती त्यांची रामराम करायची रीत. मादीने जबड्याच्या दातांवरून सोंड फिरवली, जिथे जीभ असते तिथे टोक टेकवलं आणि तशीच राहिली. मग दुसऱ्या मादीने. मग तिसऱ्या. पडद्यावरची रेघ सपाट होती. अकरा हत्ती होते आणि एकही बोलत नव्हता.

दुपारी त्यांनी सोंडेने धूळ उचलून हाडांवर टाकायला सुरुवात केली. रेवती जीपमध्ये तोंडावर हात ठेवून रडत होती. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ते तिला लहानपणानंतर आज पहिल्यांदाच असं थोपटत होते.

चारच्या सुमाराला कळप निघाला.

"गेले," रेवती म्हणाली.

नासेरियान जीपच्या टपावर उभी होती. तिने डोळ्यांवर हात धरून कळपाची दिशा बघितली. मग खाली उडी मारून तिने फोन काढला. "ते पूर्वेला चाललेत."

महिनाभर आधी निघाले असते तर साठ किलोमीटर चालायची त्यांच्यात ताकद होती. आता ती फारशी उरली नव्हती. आणि पूर्वेला, जेमतेम सात-आठ किलोमीटरवर, कूपनलिकेच्या पाण्यावर काढलेला हिरवा मका उभा होता. वारा तिकडूनच वाहत होता.

नासेरियानचा भाऊ लेमायान याचं शेत सगळ्यात पुढे होतं. तिने त्याला फोन लावला. दुभाष्या यंत्रातून त्याचा हसरा आवाज मराठीत आला. "काळजी करू नकोस. मी आहे भोंग्यापाशी."

"ते थांबत नाहीत, मागे फिरवा त्यांना," नासेरियान रेवतीला म्हणाली. शेताकडचे भोंगे चालूच होते. रेवतीला फक्त एक कळ दाबायची होती. तिचं बोट तिथेच थांबलं.

"आत्ताच त्यांनी तिची हाडं बघितलीत," ती म्हणाली. "आणि आता मी तिच्या आवाजात—"

"रेवा," आबा म्हणाले, "माणूस उभा हाय तिथं. दाब."

तिने कळ दाबली.

पडद्यावर, पुरलेल्या मायक्रोफोननी पावलांवरून टिपलेले, अकरा ठिपके शेतापासून चारशे मीटरवर थांबले. एक मिनिट गेलं. पाच वर्षांत दर खेपेला मादीचं उत्तर यायचं आणि ठिपके वळायचे. या वेळी उत्तर आलं नाही. मग ठिपके हलले, आधी हळू, मग जोराने. शेताच्या दिशेने सरळ नाही, थोडे डावीकडे. तिथे भोंगा होता.

"लेमायान, तिथून पळ!" नासेरियान फोनवर ओरडली. "भोंग्यापासून लांब जा, पळ!"

फोनमधून काही वेळ नुसती धाप ऐकू आली. नंतर तीही नाही.

वनखात्याचं पथक अंधार पडायच्या आत पोचलं. त्यांनी चार हत्ती गोळ्या घालून पाडले, त्यांत फाटक्या कानाची मादीही होती. भोंगा तिच्या पायाखाली चेंदा होऊन पडला होता. उरलेले सात दक्षिणेला पळाले. त्यांतले पाच दलदलीपर्यंत पोचल्याचं पुढे विमानातून दिसलं.

तिसऱ्या दिवशी रेवती आणि आबा नासेरियानच्या आईकडे गेले. नासेरियाननेच त्यांना जीपमधून नेलं, पण वाटेत तिने एकदाही आरशात बघितलं नाही. दारात लाल शाल पांघरलेली म्हातारी बसली होती. रेवती तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. यंत्र कुणी बनवलं, हाक कुणी बंद केली, कळ कुणी दाबली. काही गाळलं नाही. म्हातारी ऐकत राहिली. मग तिने शालीच्या घडीतून एक जुना फोन काढला.

"माझा मुलगा शेतावरून रोज संध्याकाळी यात निरोप ठेवायचा," ती म्हणाली. "जेवून घे म्हणायचा, मी उशिरा येतो म्हणायचा. सहा वर्षांचे आहेत. एवढे पुरतील का?"

"कशाला?"

"तुम्ही मेलेल्याला बोलायला लावता ना."

रेवतीने फोनकडे बघितलं. माणसाच्या आवाजाला सहा वर्षं लागत नाहीत. तासाभराचं बोलणं पुरतं आणि दहा मिनिटांचं काम.

"माणसाचा आवाज नाही काढता येत आई," ती म्हणाली.

"हत्तीचा येतो."

"हो."

म्हातारीने फोन मागे घेतला नाही. हात पुढे करून ती तशीच बसून राहिली. शेवटी नासेरियान पुढे झाली, तिने आईच्या मुठीतून फोन सोडवला आणि तिला धरून आत नेलं. आबा दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी कानातली गोळी काढून खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी रेवतीने शेतांकडचे राहिलेले तेरा भोंगे उतरवायला घेतले. कोकोच्या आवाजाला आता कुठलाच हत्ती मागे फिरणार नव्हता, उलट तो आवाज जिथून येईल तिकडे धावून जाणार होता. ती शिडीवर चढायची, आबा खाली शिडी धरायचे. गावातली माणसं मक्याच्या कडेने उभी राहून बघत होती. पाच वर्षांपूर्वी हे भोंगे लावायला याच माणसांनी खड्डे खणून दिले होते. पाचवा भोंगा उतरवल्यावर एका म्हाताऱ्याने घरातून भाला आणला आणि उंबऱ्यावर बसून तो दगडावर घासायला सुरुवात केली. सहाव्या भोंग्यापर्यंत तसे चार जण बसले होते.

रेवतीने वरून ते बघितलं आणि पुढचा स्क्रू सोडवायला घेतला.